हमी योजनांची अडीच वर्षे: आपल्या सीमाभागात नेमके काय पोहोचले?

वडगावकर
सर्व सभासदांना नमस्कार. मे २०२३ च्या कर्नाटक विधानसभा निवडणुकीत काँग्रेसला २२४ पैकी १३५ जागा मिळाल्या, २० मे रोजी सिद्धरामय्या यांनी शपथ घेतली आणि त्याच दिवशीच्या पहिल्या मंत्रिमंडळ बैठकीत पाच हमी योजनांना तत्त्वतः मंजुरी दिली गेली: शक्ती (महिलांना मोफत बस), गृहलक्ष्मी (घरच्या कर्त्या बाईला दरमहा दोन हजार रुपये), गृहज्योती (मोफत वीज), अन्नभाग्य (तांदूळ) आणि युवानिधी (बेरोजगार पदवीधरांना आणि पदविकाधारकांना भत्ता). त्याला आता अडीच वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. आमच्या वाचनालयात या विषयावर रोज वाद होतो आणि रोज तो पक्षावर, महाराष्ट्र एकीकरण समितीवर किंवा जातीवर जाऊन संपतो. ज्या आश्वासनांवर या सरकारने मते मागितली ती आश्वासने आपल्या दारापर्यंत आली का, हा मूळ प्रश्न मात्र तसाच राहतो, म्हणून हा धागा उघडत आहे.

माझे वडगावात किराणा दुकान आहे. गृहलक्ष्मीचे दोन हजार रुपये खात्यावर जमा झाले की माझ्या उधारीच्या वहीला ते दुसऱ्या दिवशी सकाळी कळते, कारण मागवाल्यांच्या (विणकरांच्या) घरातील आठ-दहा बायका एकामागून एक येऊन जुनी बाकी देतात. हप्ता थांबला की वही फुगत जाते. गेल्या दोन वर्षांत मी त्या दिवसांच्या तारखा समासात लिहून ठेवल्या आहेत आणि दोन तारखांमधील अंतर कधी तीस दिवसांचे, कधी साठ दिवसांचे, तर कधी त्याहूनही जास्त आहे. त्यामुळे योजना बंद आहे असे मी म्हणू शकत नाही आणि ती दरमहा चालू आहे असेही म्हणवत नाही.

कृपया आपण स्वतः पाहिलेलेच लिहावे. किती मिळाले, कधीपासून मिळाले, कोठे अडले आणि अडल्यावर दाद कोणी घेतली, एवढे आले तरी पुरे.

येळ्ळूरची लेक
दादा, मी शक्ती योजनेपासून सुरुवात करते, कारण ती ११ जून २०२३ ला सुरू झाली आणि त्या आठवड्यापासून आजपर्यंत एक दिवसही बंद पडलेली नाही. मी उद्यमबागेतील एका कारखान्यात पॅकिंगच्या कामाला जाते. पूर्वी महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात येताना बस आणि जाताना पायी असा माझा क्रम असे, कारण पगार येईपर्यंत तिकिटाचे पैसे उरत नसत. आता आधार कार्ड दाखवले की शून्य तिकीट मिळते. माझ्याबरोबरच्या दोन मुलींना घरच्यांनी कामाला पाठवले तेच मुळी येण्याजाण्याचा खर्च नाही म्हणून, आणि त्यांतील एक आता संध्याकाळी शिवणकामाचा वर्गही करते.

गर्दीचे मात्र खरे आहे. सकाळी आठच्या बसमध्ये पाय ठेवायला जागा नसते आणि थांब्यावर फक्त बायका उभ्या असल्या तर काही चालक गाडी थोडी पुढे नेऊन थांबवतात, जेणेकरून धावत येतील तेवढ्याच चढतील. यात्रेच्या दिवसांत सौंदत्तीच्या यल्लम्माला किंवा चिंचलीच्या मायक्काला जाणाऱ्या बसचे तर विचारूच नका. तरीही तुमच्या प्रश्नाचे माझ्यापुरते उत्तर ‘आश्वासन पाळले’ असेच आहे.

जांबोटीकर
ताईंचा अनुभव खरा असणार, पण खानापूर तालुक्याच्या पश्चिमेला या, म्हणजे याच योजनेची दुसरी बाजू दिसेल. भीमगड अभयारण्यातील गवाळी, पास्टोली, कोंगळा या गावांत बस येतच नाही. पावसाळ्यात ओढे भरले की आजारी माणसाला लाकडी तिरडीसारख्या पाटावर घेऊन जंगलातून चालावे लागते. त्या गावातील बाईला शून्य तिकिटाचा उपयोग करायचा तर आधी काही किलोमीटर चालून मुख्य रस्त्यावर यावे लागते.

सरकारने जे कबूल केले ते दिले, हे मला मान्य आहे, कारण तिकीट माफ करतो असे ते म्हणाले होते, रस्ता करतो असे म्हणाले नव्हते. पण जिथे बस आहे तिथेच सवलत पोहोचते आणि जिथे काहीच नाही तिथे सवलतही नाही, ही गोष्ट मोजणी करताना विसरू नये. रस्ता म्हटला की वनखात्याची परवानगी आडवी येते आणि परवानगी म्हटली की स्थलांतराचा प्रस्ताव पुढे केला जातो. तळेवाडीच्या लोकांनी तो स्वीकारलाही. बाकीच्यांनी गाव सोडायचे की रस्त्याची वाट पाहायची, हे त्यांच्या घरात रोज बोलले जाते.

निपाणीकर
आमच्याकडे प्रत्येक घराचे नातेवाईक सीमेच्या दोन्ही बाजूंना आहेत, त्यामुळे तुलना आपोआप होते. माझी बहीण कागलला दिली आहे. तिला जुलै २०२४ पासून महाराष्ट्राच्या लाडकी बहीण योजनेचे पंधराशे रुपये मिळतात आणि निवडणुकीत सांगितलेले एकवीसशे अजून झालेले नाहीत. माझ्या पत्नीला गृहलक्ष्मीचे दोन हजार मिळतात, पण दोन-तीन महिने वाट पाहावी लागते. रक्षाबंधनाला दोघी एकत्र बसल्या की कोणाचे सरकार चांगले यावर बोलत नाहीत, कोणाच्या खात्यावर शेवटचा हप्ता कधी आला एवढेच विचारतात. एसटीत तिकडे १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट आहे, इकडे पूर्ण माफ आहे, मात्र इकडची सवलत कर्नाटकातला पत्ता असलेल्या महिलांनाच मिळते. बहीण माहेरी आली की निपाणीहून चिकोडीला जायला तिला पूर्ण तिकीट काढावे लागते आणि शेजारच्या आसनावरच्या तिच्या वहिनीला शून्य तिकीट मिळते.

टिळकवाडीचा लेखापाल
या चर्चेत मला एक गोष्ट खटकते आहे. सर्वांनी ‘मिळाले का’ एवढेच विचारले आहे आणि ‘कोणाच्या पैशातून मिळाले’ हे कोणीच विचारलेले नाही. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पाचा आकार ४,०९,५४९ कोटी रुपये आहे आणि त्यातील ५१,०३४ कोटी रुपये या पाच योजनांसाठी ठेवलेले आहेत, म्हणजे प्रत्येक शंभर रुपयांतील साधारण साडेबारा रुपये. त्याच अर्थसंकल्पात १९,२६२ कोटींची महसुली तूट दाखवली आहे. जून २०२४ मध्ये राज्याचा विक्रीकर वाढवून पेट्रोल तीन रुपयांनी आणि डिझेल साडेतीन रुपयांनी महाग केले गेले. ५ जानेवारी २०२५ पासून बसभाडे पंधरा टक्क्यांनी वाढले, म्हणजे येळ्ळूरच्या ताईंचे तिकीट माफ झाले आणि त्यांच्या भावाचे तिकीट वाढले.

याहून गंभीर बाब अशी की २०२३-२४ मध्ये अनुसूचित जाती-जमातींच्या उपयोजनांतील सुमारे अकरा हजार कोटी रुपये हमी योजनांकडे वळवले गेले. हा पैसा याच समाजांतील लाभार्थ्यांवर खर्च होतो असे स्पष्टीकरण सरकारने दिले, पण जी योजना सर्वांसाठी आहे तिच्यासाठी एका वंचित घटकाचा राखीव निधी वापरणे हे स्वतःला डावीकडे झुकलेला म्हणवणाऱ्या पक्षाला शोभत नाही. मी या योजनांच्या विरोधात नाही. परंतु आश्वासन देताना ‘दुसऱ्या कशातून काढून देऊ’ हे वाक्य त्यांनी म्हटले नव्हते, आणि ते म्हटले असते तर कदाचित काही मतदारांनी वेगळा विचार केला असता.

वडगावकर
लेखापाल साहेब, आकडे दिल्याबद्दल आभार. आपला मुद्दा मान्य आहे, पण तो दुसरा प्रश्न आहे. आश्वासन पाळले का हे आधी ठरवू, मग ते पाळण्याची रीत योग्य होती का हे पाहू. दोन्ही प्रश्न एकत्र केले की वाचनालयासारखेच होते.

टिळकवाडीचा लेखापाल
हे दोन प्रश्न वेगळे करता येतात असे मला वाटत नाही. घर चालवणारा माणूस मुलाला सायकल देतो आणि त्यासाठी मुलीची शाळेची फी थकवतो, तेव्हा त्याने शब्द पाळला असे आपण म्हणतो का?

खासबागचा माग
मी गृहज्योतीबद्दल लिहितो, कारण त्याविषयी लोकांच्या मनात सर्वांत जास्त गैरसमज आहे. निवडणुकीत सगळीकडे दोनशे युनिट मोफत असे ऐकू आले. प्रत्यक्षात जो आदेश निघाला त्यानुसार २०२२-२३ या वर्षातील तुमचा सरासरी वापर आणि त्यावर दहा टक्के एवढेच मोफत आहे, आणि त्याची कमाल मर्यादा दोनशे युनिट आहे. आमच्या घराची सरासरी ऐंशीच्या घरात होती, म्हणून आम्हाला नव्वदच्या आत राहावे लागते, आणि त्यावर गेलो तर फक्त वाढीव युनिटांचे पैसे भरावे लागतात. अठ्ठेचाळीस युनिटांहून कमी वापर असलेल्यांना दहा टक्क्यांऐवजी दहा युनिट वाढवून देण्याचा निर्णय जानेवारी २०२४ मध्ये झाला, तो चांगला होता, कारण एका खोलीत राहणाऱ्याला दहा टक्क्यांनी काहीच मिळत नव्हते.

खरी अडचण नव्या घरांची आहे. ज्यांच्या मीटरला मागील वर्षाचा इतिहास नाही त्यांच्यासाठी राज्याची त्रेपन्न युनिटांची सरासरी धरली जाते आणि दहा टक्के मिळवून अठ्ठावन्न युनिट मोफत होतात. माझ्या भावाने वेगळे घर केले, तर त्याच्या घरात माणसे तेवढीच आणि पंखेही तेवढेच, पण मोफत वीज आमच्यापेक्षा तीसेक युनिटांनी कमी. आमच्या मागाचे मीटर वेगळे असल्यामुळे त्याचा या योजनेशी संबंध नाही, विणकरांची सवलत स्वतंत्र आहे.

एवढे सगळे असूनही ऑगस्ट २०२३ मध्ये हेस्कॉम या वीज कंपनीचे पहिले शून्य रकमेचे बिल हातात आले, तेव्हा माझ्या आईने ते देवघरात ठेवले होते, हे मला येथे नोंदवले पाहिजे. तिच्या आयुष्यात सरकारने पाठवलेला तो पहिला असा कागद होता ज्यावर भरायची रक्कम नव्हती. लेखापाल साहेबांचा हिशेब चुकीचा नाही, पण तो कागदही खराच आहे.

अथणीकर
अन्नभाग्यावर कोणी लिहिले नाही म्हणून थोडे लिहितो. आश्वासन दरमाणशी दहा किलो तांदळाचे होते. पाच किलो केंद्राच्या अन्नसुरक्षा कायद्यातून येतात. उरलेल्या पाच किलोंसाठी राज्याला तांदूळ विकत हवा होता, तर जून २०२३ मध्ये केंद्राने खुल्या बाजार योजनेतून राज्यांना तांदूळ देणे थांबवले, म्हणून राज्याने किलोला चौतीस रुपये या दराने माणशी एकशे सत्तर रुपये खात्यावर टाकायला सुरुवात केली. फेब्रुवारी २०२५ पासून पैशांऐवजी पुन्हा तांदूळ मिळू लागला. यात राज्याने पळवाट काढली असे मला वाटत नाही, कारण तांदूळ मिळेना तेव्हा त्याचे पैसे दिले.

पण आमच्या अथणी, रायबाग, कागवाड भागात रोजचे जेवण ज्वारीच्या भाकरीचे आहे. पाच माणसांच्या घरात महिन्याला पन्नास किलो तांदूळ संपत नाही, आणि जो उरतो तो दारावर येणाऱ्या व्यापाऱ्याला पडेल त्या भावात दिला जातो. ऑक्टोबर २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने वाढीव पाच किलोंच्या जागी तूरडाळ, तेल, साखर, मीठ असा संच देण्याचे ठरवले. हा विचार पहिल्याच वर्षी व्हायला हवा होता, आणि त्यासाठी बंगळुरात समिती बसवण्याची गरज नव्हती, आमच्या गावातील कोणत्याही बाईला विचारले असते तरी तिने सांगितले असते.

अंगणवाडी ताई
पाच हमींची चर्चा चालू आहे, पण निवडणुकीपूर्वी आम्हालाही एक शब्द दिला होता, तो येथे कोणाच्या स्मरणात दिसत नाही. अंगणवाडी सेविकांचे मानधन पंधरा हजार करू असे तेव्हा सांगितले गेले होते. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात सेविकांना एक हजार आणि मदतनिसांना साडेसातशे रुपयांची वाढ जाहीर झाली. आशा कार्यकर्त्यांनी जानेवारी २०२५ मध्ये बंगळुरात थंडीत रस्त्यावर बसून आंदोलन केले, तेव्हा त्यांना दहा हजारांचे आश्वासन मिळाले.

घरी बसलेल्या बाईला दोन हजार रुपये मिळतात याचा मला मनापासून आनंद आहे, कारण त्या बाया माझ्याच गल्लीतल्या आहेत आणि त्यांच्या मुलांच्या हातात आता कधी केळे तर कधी अंडे दिसते. परंतु जी बाई तीस मुलांना सांभाळते, गरोदर बायकांची नोंद ठेवते, मतदार याद्यांचे काम करते आणि त्या दोन हजारांच्या अर्जांसाठी लोकांच्या शंका सोडवत दारोदार फिरते, तिच्या मानधनात अडीच वर्षांत हजार रुपयेच वाढावेत, हे मला समजत नाही. हमी योजना देण्यासाठी बटण दाबावे लागते, पण आमचे मानधन वाढवायचे तर सरकारला कायमची जबाबदारी घ्यावी लागते. फरक कदाचित तोच असेल.

येळ्ळूरची लेक
ताई, हे मला माहीत नव्हते. माझ्या मुलाला तुमच्यासारख्याच एका ताईंनी अक्षरे शिकवली. लेखापाल साहेबांनी सायकल आणि शाळेची फी यांचे उदाहरण दिले ते मला आधी कठोर वाटले होते, आता तसे वाटत नाही.

कोल्हापूरची पदवी
युवानिधीचा माझा अनुभव देतो. योजना १२ जानेवारी २०२४ ला शिवमोग्यात सुरू झाली. पदवीधरांना तीन हजार आणि पदविकाधारकांना दीड हजार, जास्तीत जास्त दोन वर्षे, आणि २०२२-२३ पासून उत्तीर्ण झालेल्यांनाच, या सर्व अटी मी वाचल्या होत्या. मी निपाणी तालुक्यातला, बारावीपर्यंत इथेच शिकलो आणि पदवी शिवाजी विद्यापीठातून घेतली, जशी आमच्याकडची शेकडो मराठी मुले घेतात, कारण ते विद्यापीठ आम्हाला धारवाडपेक्षा जवळ आहे. अर्ज भरला, तर पदवीच्या पडताळणीत तो अडकला. एका कार्यालयाने दुसरीकडे पाठवले, दुसऱ्याने बंगळुराचा दूरध्वनी क्रमांक दिला, आणि सहा महिन्यांनी मी तो विषय सोडून एका गोदामात काम धरले. काम लागले म्हणजे मी आता पात्रही राहिलो नाही.

मला त्या तीन हजारांचे दुःख नाही. जाहीरनाम्यात रिक्त सरकारी पदे एका वर्षात भरण्याचे आश्वासन होते, ते पाळले गेले असते तर युवानिधीचा अर्ज भरण्याची वेळच अनेकांवर आली नसती. माझ्या खोलीवर राहणारे चौघे अजून पोलीस भरतीची आणि तलाठी भरतीची पुस्तके वाचत आहेत आणि त्यांतल्या दोघांचे वय आता मर्यादेजवळ आले आहे.

मराठी शाळेचा गुरुजी
वरील मुलाने जे लिहिले आहे त्याच्या मुळाशी सीमाभागाचे वेगळेपण आहे, आणि मला ते थोडे विस्ताराने मांडायचे आहे. या योजनांनी मराठी माणसाला वगळलेले नाही, हे मी प्रथम स्पष्टपणे लिहितो. परंतु अर्ज कन्नडमध्ये, संदेश कन्नडमध्ये, त्रुटीचे कारणही कन्नडमध्ये येते. शहरातील तरुण कन्नड वाचतो, त्याला अडचण नाही. माझ्या शाळेतील विद्यार्थ्यांच्या आज्या मात्र केंद्रावर शंभर-दोनशे रुपये देऊन अर्ज भरून घेतात आणि ‘खाते आधारला जोडलेले नाही’ एवढा साधा संदेश समजून घ्यायला कोणाच्या तरी पाया पडतात. ज्या भागात भाषिक अल्पसंख्याक पंधरा टक्क्यांहून अधिक आहेत तेथे त्यांच्या भाषेत शासकीय माहिती मिळावी, हे तत्त्व जुने आहे आणि ते कोणत्याही हमीपेक्षा आधीचे आश्वासन आहे.

एक चांगली गोष्टही सांगतो. राज्याच्या स्वतंत्र शिक्षण धोरणासाठी या सरकारने डॉ. सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला आणि त्याचा अहवाल ऑगस्ट २०२५ मध्ये सादर झाला. पाचवीपर्यंत मातृभाषेतून किंवा कन्नडमधून शिक्षण द्यावे, अशी शिफारस त्यात आहे. ही शिफारस प्रामाणिकपणे अमलात आली तर आमच्या मराठी शाळांना शिक्षक द्यावे लागतील, आणि माझ्या शाळेत चार वर्गांना दोन शिक्षक आहेत, त्यांतला एक मी. म्हणून मी हा अहवाल कपाटात जाऊ नये अशी इच्छा बाळगून आहे.

गोकाकचा शेजारी
गुरुजी, आपल्याविषयी आदर ठेवून थोडे वेगळे मत मांडतो. माझे घर मराठी, पण आमच्या गल्लीत नव्वद टक्के घरे कन्नड आहेत. हप्ता उशिरा येतो तो त्यांच्याकडेही उशिरा येतो. केवायसी अडकली की कन्नड येणारी अक्काही तितक्याच फेऱ्या मारते. भाषेचा प्रश्न खरा आहे, परंतु हमी योजनांतील दिरंगाई भाषेमुळे नाही, ती तिजोरीमुळे आणि यंत्रणेमुळे आहे, आणि हे दोन प्रश्न एकमेकांत मिसळले की दोन्हींचे उत्तर मिळत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये बसमधील भाषेच्या वादानंतर दोन्ही राज्यांच्या गाड्या काही दिवस सीमेवर थांबल्या होत्या, तेव्हा शून्य तिकीट असूनही आमच्या बायका घरीच बसल्या, मराठी आणि कन्नड दोन्ही.

उसाचेही उदाहरण घ्या. नोव्हेंबर २०२५ मध्ये गुर्लापूरला शेतकरी टनाला साडेतीन हजारांची मागणी घेऊन बसले होते. शेवटी मुख्यमंत्र्यांनी कारखानदारांना बोलावून तेहतीसशेचा तोडगा काढला. त्या मंडपात मी चार दिवस होतो आणि तिथे कोणी कोणाची भाषा विचारली नाही.

मराठी शाळेचा गुरुजी
आपले म्हणणे मला पटते, दिरंगाई सर्वांची सारखी आहे. माझे म्हणणे एवढेच की दिरंगाईचे कारण वाचता येणे, ही सर्वांची सारखी गोष्ट नाही.

संघातली अक्का
मी बायकांचा बचत संघ चालवते, कडोलीच्या बाजूला. गृहलक्ष्मी ३० ऑगस्ट २०२३ ला सुरू झाली तेव्हा नवरे म्हणत होते की पैसे दारूत जातील. आमच्या संघातील वीसपैकी सोळा जणींनी पहिले सहा हप्ते कर्ज फेडण्यात घातले, कारण छोट्या कर्जाच्या कंपन्यांचे वसुली करणारे दर आठवड्याला दारात बसत असत. त्या जाचाविरुद्ध फेब्रुवारी २०२५ मध्ये राज्याने अध्यादेश काढला, पण माझ्या डोळ्यांदेखत काही घरांना त्यापूर्वी सोडवले ते याच दोन हजारांनी. रायबाग तालुक्यातील एका आजींनी साठवलेल्या हप्त्यांतून सगळ्या गावाला होळिगेचे (पुरणपोळीचे) जेवण घातले, ती बातमी सर्वांनी वाचली असेल. आमच्याकडे कोणी जेवण घातले नाही, पण एकीने दोन शेळ्या घेतल्या आणि आता तिच्याकडे सात आहेत.

मात्र हप्ता ठरलेल्या तारखेला येत नसेल तर कर्जाचा हप्ताही तारखेला जात नाही आणि दंड लागतो. वडगावच्या दादांनी वहीतील अंतर लिहिले आहे, त्या अंतराला आमच्याकडे व्याज आहे. दोन हजारांचे अठराशे होतात ते असे.

आणखी एक. घरातील कर्ती बाई वारली तर कार्डावर सुनेचे नाव कर्ती म्हणून लावून घ्यायला किती महिने जातात, ते कोणी तरी सरकारला सांगावे. आमच्या दोन घरांत वर्ष होत आले.

टिळकवाडीचा लेखापाल
अक्कांनी व्याजाचा जो मुद्दा सांगितला तो माझ्या हिशेबात नव्हता. डिसेंबर २०२५ मध्ये बेळगावच्या सुवर्णसौध या विधानभवनातील अधिवेशनात गृहलक्ष्मीचे फेब्रुवारी आणि मार्च २०२५ चे हप्ते दिलेच नाहीत यावरून गदारोळ झाला आणि आधी दिलेल्या माहितीबद्दल महिला व बालकल्याण मंत्री लक्ष्मी हेब्बाळकर यांना खेद व्यक्त करावा लागला. त्या आपल्याच जिल्ह्याच्या, बेळगाव ग्रामीणच्या आमदार आहेत. मला त्या वेळी तो केवळ राजकीय गोंधळ वाटला होता. आता वाटते की दोन महिन्यांचे चार हजार रुपये म्हणजे अक्कांच्या संघात वीस घरांचे ऐंशी हजार होतात, आणि ते नुसते उशिरा आले असे नाही, ते कोणत्या महिन्याचे म्हणून येणार हेच कोणाला सांगता येत नव्हते. अर्थसंकल्पात तरतूद दिसते, ती खर्च झाली का हे आम्ही वर्षअखेरीस पाहतो. महिन्याच्या आत काय घडते ते आमच्या तक्त्यात येत नाही.

माझा मूळ आक्षेप कायम आहे. परंतु योजना चालवायचीच असेल तर ती तारखेनेच चालवावी, या मागणीला माझा पूर्ण पाठिंबा आहे.

निपाणीकर
राजकीय फळाचे काय, हा प्रश्न राहिलाच. बेळगाव जिल्ह्यातील अठरापैकी अकरा जागा २०२३ मध्ये काँग्रेसला मिळाल्या, आणि २०२४ मध्ये लोकसभेला बेळगाव भाजपकडे आणि चिकोडी काँग्रेसकडे गेली. दोन्हीकडे योजना त्याच होत्या. म्हणून लोक दोन हजारांसाठी मत विकतात असे म्हणणाऱ्यांनी हे निकाल पुन्हा पाहावेत. लोक पैसे घेतात आणि मत आपल्या विचाराने देतात.

जांबोटीकर
सहमत आहे. आणि रस्त्याचे विसरू नका.

वडगावकर
सर्वांचे मनापासून आभार. मी आज दुपारी वही पुन्हा काढून बसलो आणि अधिवेशनात ज्या दोन महिन्यांचा उल्लेख झाला त्या काळातील पाने पाहिली. एप्रिल २०२५ मध्ये माझी एकूण उधारी त्या वर्षातली सर्वाधिक होती. त्या काळात मी तीन घरांना तेल आणि साखर उधार देणे थांबवले होते, कारण मलाही घाऊक व्यापाऱ्याचे पैसे द्यायचे असतात. त्या बायका काही न बोलता परत गेल्या. मला तेव्हा त्यांचा राग आला होता, त्या टाळाटाळ करत आहेत असे वाटले होते. आज ती पाने पाहताना फार वाईट वाटले.

माझ्या मूळ प्रश्नाचे उत्तर मी आता असे लिहून ठेवतो. शक्तीचे आश्वासन पाळले गेले आहे, जिथे बस आहे तिथे. गृहज्योतीचे पाळले गेले, मात्र निवडणुकीत ऐकले त्यापेक्षा लहान होऊन. अन्नभाग्याचे वाट बदलत बदलत पाळले गेले. गृहलक्ष्मीचे पैसे येतात, दरमहा येत नाहीत, आणि जाहीर करताना शब्द ‘दरमहा’ असाच होता. युवानिधी आपल्या मुलांपर्यंत नीट आलेली नाही. अंगणवाडी ताईंना दिलेला शब्द पाळलेला नाही. रिक्त पदांचाही नाही.

यापुढे एक काम करता येईल का? तालुका पातळीवर हमी योजनांच्या अंमलबजावणीसाठी समित्या नेमलेल्या आहेत. ज्या घरांचे हप्ते राहिले आहेत, ज्यांच्या कार्डावर कर्ती बदलायची आहे आणि ज्यांची पदवी पडताळणीत अडकली आहे, अशांची महिनावार यादी करून समितीकडे लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. यादी मी करायला तयार आहे, वाचनालयाची खोली रविवारी सकाळी मोकळी असते. मला कन्नड बोलता येते, पण सरकारी पत्र लिहिण्याइतके येत नाही.

गोकाकचा शेजारी
पत्र मी लिहून देतो. कन्नडमध्ये लिहितो आणि गुरुजींची परवानगी असेल तर शेजारी मराठी मजकूरही ठेवतो, म्हणजे सही करणाऱ्या प्रत्येकीला आपण कशावर सही करतो ते वाचता येईल. रविवारी सकाळी आठच्या बसने निघतो.

मराठी शाळेचा गुरुजी
मराठी मजकूर शनिवारी रात्रीपर्यंत पाठवतो.

संघातली अक्का
आम्ही अकरा जणी येतो. रेशन कार्ड, आधार आणि पासबुक, तिन्हींच्या झेरॉक्स आणायच्या का मूळ कागद चालतील, ते तेवढे आधी कळवा, कारण रविवारी गावातले झेरॉक्सचे दुकान बंद असते.

वडगावकर
अक्का, मूळ कागदच आणा. माझ्या दुकानाशेजारी झेरॉक्सचे यंत्र आहे, त्यांना मी आजच सांगून ठेवतो.